परत किती वाजता यायचं, ते आधी सांगा

आज सकाळी भाचीचा फोन. "मावशी, मी नाही गेले गं काल." वर्गातली सगळी जण एक दिवसाच्या सहलीला गेली आणि ही परीक्षा महिन्यावर आली म्हणून खोलीत थांबली. मी विचारलं, मग झाला का अभ्यास? गप्प. थोड्या वेळानं म्हणाली, दिवसभर त्यांचे फोटो येत होते, तेच बघत बसले, एक धडा उघडला होता तेवढाच. आणि तिच्या बाबांनी घरच्या ग्रुपवर अभिमानानं टाकलंय, 'आमची लेक मोहात पडली नाही!'

माझं डोकंच फिरलं. कौतुक कशाचं? दिवस गेला, अभ्यास झाला नाही, मजाही नाही. पोरीच्या पदरात पडला तो फक्त रडवेला आवाज.

मला राहून राहून हॉस्टेलमधली माझी रूममेट आठवतेय. फिरायला जायचा बेत निघाला की सगळे कुठे जायचं यावर भांडायचे. ही एकच प्रश्न विचारायची, "परत किती वाजता यायचं, ते आधी सांगा." वेळ पटली तर सगळ्यात आधी तयार. नाही पटली तर सरळ नाही म्हणायची, आणि मग त्या दिवशी खरंच अभ्यास करायची. निघताना टेबलावर वही उघडी ठेवायची, गणित अर्धवट सोडवलेलं, मध्ये पेन्सिल. आल्यावर हातपाय धुऊन थेट त्याच ओळीवर बसायची. 'आता कुठून सुरू करू' यात तिचा वेळ जायचाच नाही. आणि बाहेर असताना? अभ्यासाचा शब्द काढायची नाही, कुणाला काढू द्यायची नाही.

मोठी माणसं असं बोलतात जणू एका रविवारनं वर्ष बुडतं. अहो, वर्ष बुडतं ते आदल्या तीन महिन्यांत रोज 'उद्या बघू' म्हटल्यानं! हर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ साली स्वतःवरच केलेले पाठांतराचे प्रयोग छापले. निरर्थक अक्षरांच्या लांबलचक ओळी पाठ करायचा बिचारा. एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जे साधलं, तेच तीन दिवसांत वाटून ३८ वेळांत साधलं. रोज थोडं थोडं करणाऱ्याचा रविवार मोकळा राहतो, तो हा असा. माझ्या रूममेटनं एबिंगहाउसचं नावही ऐकलं नसेल, पण रोज जेवणाआधी त्या दिवशीच्या तासांच्या नोट्स ती एकदा चाळायचीच.

बरं, आता पोरांनो, तुमच्याकडेही वळते. "चल ना यार, एका दिवसानं काय होतं" म्हणत जो मागे लागतो ना, त्याचा मला तितकाच राग येतो. सकाळी निघून संध्याकाळी परतायचं ठरतं आणि प्रत्यक्षात उजाडायला परत येता. मग दुसरा दिवस झोपेत, तिसरा दिवस बुडलेल्या तासांच्या नोट्स मागण्यात. एका दिवसाची मजा नव्हे ती, तीन दिवस गेले. दिवसभर वाचलेलं झोपेत पक्कं होतं, आणि तुम्ही नेमकी रात्रीची झोपच बुडवता. एकदा आमच्या ग्रुपनं असंच "अजून थोडा वेळ" सुरू केलं, तर माझी रूममेट उठली, सगळ्यांना हसत टाटा केलं आणि एकटी परत गेली. कुणाशी वाद नाही, की कुणावर रुसवा नाही. मला तेव्हा तिचा फार राग आला होता. आज तिच्याबद्दल आदरच वाटतो.

हो, काहींची परिस्थिती वेगळी असते, मान्य. कुणी शिकता शिकता नोकरी करतं, कुणाकडे सहलीचे पैसे नसतात, कुणाची परीक्षा खरंच दोन दिवसांवर असते. त्यांनी नाही म्हटलं तर त्यांना 'पुस्तकी किडा' म्हणू नका. मनाला लागतं ते. भाचीलाही बहुतेक हेच लागलं होतं, फोनवर दोनदा तिनं तो शब्द उच्चारला.

खरं सांगू? तिचा आवाज ऐकून पोटात कालवलं. एकोणिसाव्या वर्षी मैत्रिणींबरोबर चालत, गप्पा मारत घालवलेला दिवस ही चैन नाही. त्याच मैत्रिणी पुढे निकाल खराब लागल्यावर रात्री दार वाजवतात. माझा निकाल खराब लागला तेव्हा माझी रूममेटच रात्रभर माझ्याजवळ बसली होती, दुसऱ्या दिवशी तिचा स्वतःचा पेपर असताना.

तर ग्रुपमध्ये जो कुणी पुढच्या सहलीचं ठरवतोय, त्यानं तारीख टाकण्याआधी कुणाचं सबमिशन कधी आहे, कुणाचा पेपर कधी आहे, एवढं विचारा. जवळचं, बिनखर्चाचं ठिकाण निवडा. आणि परतायची वेळ मेसेजमध्ये पहिल्या ओळीत लिहा.