पायांसकट काढ!

फोटोचं कंपोझिशन शिकलेल्या माणसाला शनिवारवाडा बघायला येणारे नातेवाईक नसावेत.

कंपोझिशन म्हणजे चौकटीतून काय गाळायचं ते ठरवणं. आणि आमच्या घराण्यात गाळणं हा गुन्हा. कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये एका आत्याचा अर्धा चेहरा कापला गेला होता, तो विषय अजून दर दिवाळीला फराळासोबत निघतो.

तर मावशीकडची मंडळी दिल्ली दरवाजासमोर शाळेच्या प्रार्थनेसारखी ओळीने उभी राहिली. दरवाजा उत्तराभिमुख. हिवाळ्यात भर दुपारी सूर्य वाड्याच्या मागे. चौकटीत आभाळ जास्त घेतलं की चेहरे काळे ठिक्कर. म्हणून म्हटलं, वरचा भाग सोडू, कमरेपासून काढू.

"नगारखाना आला पाहिजे," काका म्हणाले.

"आणि पाय," मावशी म्हणाली. "पायांसकट काढ. आजच कोल्हापुरी घेतल्यात."

नगारखाना ते कोल्हापुरी एवढा ऐवज मावेपर्यंत मी मागे मागे गेलो. माणसं मुंगीएवढी झाली, चपला त्याहून लहान.

मग मी रूल ऑफ थर्ड्स काढला. चौकटीवर दोन उभ्या, दोन आडव्या रेषा कल्पायच्या आणि मुख्य विषय त्या छेदतात तिथे ठेवायचा. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रजाने 'रूल ऑफ थर्ड्स' हे नाव १७९७ साली पुस्तकात लिहिलं, तेव्हा इकडे दुसरा बाजीराव नुकताच पेशवा झाला होता. कडेला बसा म्हटलेलं त्यालाही रुचलं नसतं.

"काका, जरा डावीकडच्या रेषेवर या."

"मी कडेला? मग मधे कोण?"

"मधे मोकळी जागा."

"मोकळी कशाला? आपण काय कमी आहोत?"

खरी पंचाईत पार्श्वभूमीची. दारावर हत्तींनी धडक मारू नये म्हणून ठोकलेले अणकुचीदार खिळे आहेत. त्यातला एक काकांच्या टकलातून उगवलेला दिसत होता. "एक पाऊल सरका," म्हटलं, तर अख्खी ओळ एक पाऊल सरकली आणि खिळा मावशीला गेला. हत्ती परवडले. ते निदान दोनदा विचार करायचे.

पर्वतीच्या पायऱ्या नजरेला वर कशा नेतात हे मला दाखवायचं होतं. गुडघ्यांनी नकार दिला. मग पाताळेश्वर. आठव्या शतकातलं कातळात कोरलेलं लेणं, पुढे गोल नंदीमंडप. दोन खांबांच्या मधून बघितलं की आयती चौकट मिळते. मी हरखून मोबाइल वर केला.

"खांब मधे येतोय," काका म्हणाले. "मोबाइलमध्ये पुसता येतो ना हल्ली?"

तेवढ्यात गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक कॉलेजचा पोरगा दिसला. मलाही फोटोत यायचं होतं, म्हणून माझा मोबाइल त्याच्या हातात दिला.

"काकू, तुम्ही डावीकडच्या खांबापाशी. काका, थोडे तिरके. मधे जागा सोडा. पाय नकोत."

सगळे निमूट हलले. पायांवर चकार शब्द नाही! मावशीने तर वर "असं उभं राहू का रे बाळा?" विचारलं.

पोराने स्क्रीनकडे बघून मान हलवली. मग माझ्याकडे बघत म्हणाला, "काका, फ्रेममध्ये गर्दी होतेय. तुम्ही जरा बाहेर येता?"

"ये रे, ये तू बाजूला," मावशी म्हणाली. "त्याला कळतंय त्यातलं."