सांताक्लॉज बिनविरोध

आमच्या सोसायटीची सभा रविवारी सकाळी दहाला असते. आमची उपासनाही रविवारी सकाळी दहालाच. त्यामुळे मी सभेला नसतो, आणि नसलेल्या सभासदाचं सभेत काय होतं ते सांगायला नको. या रविवारी माझा सांताक्लॉज झाला. एकमताने. इतिवृत्तात कारणही दिलंय: ‘आपल्याकडे एक ख्रिश्चन सभासद असल्याने बाहेरून माणूस आणण्याचा खर्च वाचेल.’

ठराव कळवायला खजिनदार काका जातीने आले. काका हिशेबाला चोख. टँकरच्या पावत्या तारीखवार लावून ठेवतात. पण ख्रिस्ती धर्म या विषयातलं त्यांचं सगळं शिक्षण जुन्या हिंदी सिनेमांत झालेलं. तिथला ख्रिश्चन एक तर बाटली घेऊन गल्लीत गातो, नाही तर जाळीच्या खिडकीपाशी बसून पांढऱ्या झग्यातल्या फादरला खुनाची कबुली देतो. मी यातलं काहीच करत नाही, याचं काकांना मनापासून वाईट वाटतं.

“ड्रेस तुमच्याकडे असेलच,” काका म्हणाले.

“कसला?”

“सांताचा. तुमच्यात घरोघरी असतो ना?”

मी सांगितलं, आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. नाताळात रात्री पेटी-ढोलकी घेऊन गाणी म्हणत घरोघरी जायचं, सकाळी उपासना, मग करंज्या नि चकल्या. सांता आमच्या गावाला कधी आलाच नाही.

काकांचा चेहरा पडला. “करंज्या? म्हणजे आमच्यासारखंच की!”

“हो.”

“आणि वाईन?”

“आमच्या पाळकसाहेबांना कळलं, तर पुढचे चार रविवार त्याच विषयावर प्रवचन होईल.”

“पाळकसाहेब म्हणजे फादर?”

“नाही. ते कॅथलिकांत. आम्ही प्रोटेस्टंट. पाळकसाहेबांना बायको आहे, दोन मुलं आहेत.”

काका खुर्चीत जरा मागे सरकले. “मग पापं सांगता कोणाला?”

“थेट देवाला.”

“मध्ये कोणीच नाही?” काकांनी क्षणभर विचार केला. “हे मात्र बरंय. दलाली वाचते.”

काकांच्या तोंडून माझ्या पंथाला मिळालेली ही पहिली शाबासकी. त्या बळावर मी जरा वाहवत गेलो. म्हटलं, लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळ आहेत, देवदूत आहेत, गव्हाणीत ठेवलेलं बाळ आहे. सांता कुठेच नाही. तो मूळचा संत निकोलस, चौथ्या शतकातला मायरा गावचा बिशप. ते ठिकाण आज तुर्कस्तानात येतं.

“तुर्कस्तानात?” काकांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. “हे सभेत बोलू नका.”

मग चहा आला आणि चहाबरोबर ते वाक्यही आलं, जे मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. “पण काही म्हणा, तुम्ही मराठी किती छान बोलता!”

यावर काय म्हणायचं असतं? ‘तुम्हीही’? मी आवाज शक्य तेवढा गोड ठेवून सांगितलं, की शिवाजी महाराजांच्या जन्माआधी, १६१६ साली, थॉमस स्टीफन्स नावाच्या जेझुइट पाद्रीने ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत लिहून छापली होती. इंग्रज माणूस, पण ओव्या हजारोंनी.

काका हरखले. “बघा! परक्यांनाही आपल्या भाषेची केवढी गोडी असते!” आणि माझ्याकडे बघून कौतुकाने मान हलवली.

इथे हसायचं असतं, हे मला कळतं. हसलोही. पण आत काहीतरी तडकतंच. आमचं ‘ज्ञानोदय’ हे मराठी नियतकालिक १८४२ साली नगरला निघालं. रेव्हरंड टिळकांची भजनं म्हणतच आम्ही लहानाचे मोठे झालो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो जन्माने वसईचे, लिहिलं सगळं मराठीत. तरी २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ते झाले तेव्हा काहींचं पोट दुखलंच. अजून किती पिढ्या भाड्याने राहिल्यावर घर नावावर होतं, ते एकदा कोणी लेखी द्यावं. सोसायटीच्या लेटरहेडवर दिलं तरी चालेल.

बरं, आमच्याबद्दल कोणाला काही वाटत नाही असंही नाही. शुभेच्छांत कमतरता नसते. गुड फ्रायडेला, म्हणजे येशूला खिळे ठोकले त्या दिवशी, भर दुपारी आम्ही तीन तास त्याच्या शेवटच्या सात उद्गारांवर मनन करत बसलेले असतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर फुलं उडवत ‘हॅपी गुड फ्रायडे’ येतं. पहिलं काकांचंच. मी हात जोडल्याचं चित्र पाठवतो. दुसरं काय पाठवणार?

तर ड्रेस भाड्याने आणायचं ठरलं. अनामत सोसायटी भरेल, फाटला तर मी. निघताना काका दारात थांबले आणि त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

“पोट कमी पडतंय हो. उशी लावावी लागेल.”

“सोसायटी देईल ना?”

“ठरावात उशी नाही,” काका चपला घालत म्हणाले. “तुमची तुम्ही आणा.”