१५ कोटी अंश म्हणे थाप! त्या फॉरवर्डला उत्तर

'कृत्रिम सूर्याचा महाघोटाळा' नावाचा मेसेज फिरतोय. आमच्या खारघरच्या सोसायटी ग्रुपवर आला तेव्हा सोडून दिलं, पण परवा ऐरोलीहून भाचीने तोच पाठवला, अकरावी सायन्सला आहे ती, आणि खाली लिहिलं, "मामा, म्हणजे फ्युजन सगळं खोटंच का?" फ्युजन म्हणजे सूर्यासारखी हायड्रोजनची अणुकेंद्रं जोडून ऊर्जा काढणं, आणि 'कृत्रिम सूर्य' म्हणजे ते करू पाहणारी यंत्रं. आता गप्प बसवत नाही. मेसेजचं म्हणणं असं: यंत्राच्या भिंतीचा टंगस्टन धातू ३४२२ अंशांना वितळतो म्हणून आत १५ कोटी अंश अशक्य, एवढं तापमान मोजणारं यंत्रच नाही म्हणून आकडा थापेचा, आतून एक्स-रे येतात म्हणजे आजूबाजूला कॅन्सर, आणि इटर या फ्रान्समधल्या आंतरराष्ट्रीय फ्युजन प्रकल्पात भारताचे पैसे पाण्यात.

वितळण्याचं आधी. अहो, तो प्लाझ्मा, म्हणजे इतका तापलेला वायू की अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे होतात, भिंतीला टेकू द्यायचाच नसतो, चुंबकीय क्षेत्रात अधांतरी धरतात, टोकामॅक हे कड्याच्या आकाराचं यंत्र असतंच त्यासाठी. शिवाय आपल्या हवेपेक्षा तो लाखपटीहून जास्त विरळ. फुलबाजीची ठिणगी हजारेक अंशांची असते तरी हातावर पडली तर फोड येत नाही, कारण तिच्यात माल तो किती! दक्षिण कोरियाच्या केस्टार टोकामॅकने २०२४ मध्ये टंगस्टनचा डायव्हर्टर, म्हणजे उष्णता आणि कचरा झेलणारा तळाचा भाग, बसवूनच १० कोटी अंश ४८ सेकंद टिकवले.

एक मान्य करावं लागेल. टंगस्टनचे अणू भिंतीवरून थोडेफार सुटतात आणि प्लाझ्मात शिरतात, आणि ते वाईटच. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या पीएलटी टोकामॅकमध्ये टंगस्टनमुळे प्लाझ्माचा मधला भागच थंड पडायला लागला, शेवटी टंगस्टनच्या जागी कार्बन लावावा लागला. इंधनाच्या दहा हजार कणांमागे एखादा टंगस्टन अणू एवढंही जड जातं, कारण तो एक्स-रे फेकत ऊर्जा बाहेर घालवतो.

आणि त्याच एक्स-रेवरून तापमान कळतं! "यंत्रच नाही" हे वाक्य वाचून माझं डोकं फिरलं ते यामुळेच. आत थर्मामीटर कोणी खुपसत नाही, बाहेर येणारा प्रकाश वाचतात. टंगस्टनला ७४ इलेक्ट्रॉन. प्लाझ्मा जितका गरम तितके जास्त इलेक्ट्रॉन सुटतात, काही कोटी अंशांना ४६ गेले की उरतात २८, निकेलइतके, आणि अशा प्रत्येक अवस्थेच्या एक्स-रे रेषा ठरलेल्या जागीच येतात. कुठल्या रेषा ठळक आणि कुठल्या फिक्या यावरून इलेक्ट्रॉन किती तापलेत ते समजतं. आयनांचं, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंचं, तापमान हवं असेल तर आर्गॉनसारखा वायू किंचित सोडायचा, वाकवलेल्या क्रिस्टलवरून त्याचे एक्स-रे परावर्तित करायचे आणि रेषेची रुंदी मोजायची, आयन जितके जोरात पळतात तितकी रेषा डॉप्लर परिणामामुळे (जवळ येणाऱ्या-लांब जाणाऱ्या कणांच्या प्रकाशाची तरंगलांबी बदलते त्यामुळे) पसरते.

आता कोणी म्हणेल की रेषांचं हे कोष्टकही त्यांनीच बनवलं. तर ते वेगळ्या मशीनवर तपासलेलं आहे. अमेरिकेतल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत १९८६ पासून इलेक्ट्रॉन बीम आयन ट्रॅप आहे, त्यात टोकामॅक नाही, फ्युजन नाही, ठरावीक ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा मारा करून जड धातूंचे इलेक्ट्रॉन काढतात आणि रेषा नोंदवतात, टंगस्टनच्याही नोंदवल्यात. फ्रान्समधल्या वेस्ट टोकामॅकमध्ये, टंगस्टनच्याच भिंती असताना, २०२४ मध्ये ५ कोटी अंश सहा मिनिटं टिकले, आणि ते मोजलं प्रिन्स्टनच्या एक्स-रे डिटेक्टरने. सूर्याच्या प्रभामंडलाचं, म्हणजे ग्रहणात दिसणाऱ्या बाहेरच्या वलयाचं, तापमान दहा लाखांवर आहे हेसुद्धा असंच कळलं, १८६९ च्या ग्रहणात दिसलेली हिरवी रेषा १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची निघाली तेव्हा. तिथे कोण गेलं होतं थर्मामीटर घेऊन?

कॅन्सरचं थोडक्यात. हे काही हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे, म्हणजे कमी ताकदीचे, एक्स-रे स्टीलच्या भिंतीतून पार होत नाहीत, म्हणून तर ते मोजायला बेरिलियमची पातळ खिडकी ठेवावी लागते. न्यूट्रॉन मात्र बाहेर येतात, भिंती किरणोत्सारी होतात, त्यासाठी जाड काँक्रीट लागतं, हे खरंय. पण मेसेजमध्ये "ट्रॉम्बेला असलं आणलं तर वाशी-नेरुळ जळून जाईल" असं लिहून लोकांना घाबरवलंय ते साफ चूक. इटरच्या आत एका वेळी इंधन ग्रॅमभरही नसणार, आणि काही बिघडलं की प्लाझ्मा थंड होऊन विझतो.

पैशांचं म्हणाल तर फ्युजनची वीज अजून कोणाच्या घरी आलेली नाही आणि इटरला उशीर झालाय, हेही खरं. पण आपला वाटा साधारण ९ टक्के, तोही बहुतेक सामानाच्या रूपात. इटरचं ३,८०० टनांवरचं क्रायोस्टॅट, म्हणजे सगळं यंत्र थंड ठेवणारं बाहेरचं निर्वात भांडं, एल अँड टीने हजीऱ्याला बनवलंय आणि गांधीनगरला १९८९ पासून आदित्य टोकामॅक चालवलाय. भाचीला मी आदित्यबद्दलच वाचायला सांगितलंय.