जगू दे म्हटलं तर जगत नाहीत

सगळं जग रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणाऱ्या, बॅक्टेरियांच्या नावाने बोटं मोडतंय, आणि इकडे मी रोज सकाळी इन्क्युबेटरसमोर उभी राहून त्यांची मनधरणी करतेय की बाबांनो, व्हा ना एकदाचे रेझिस्टंट, जीन मी देतेय, फुकट देतेय, फक्त घ्या. तर नाही घेत.

माझं काम क्लोनिंगचं. क्लोनिंग म्हणजे थोडक्यात असं, की आपल्याला हवा तो डीएनएचा तुकडा प्लाझ्मिड नावाच्या छोट्याशा गोल डीएनएमध्ये जोडायचा आणि ते प्लाझ्मिड ई. कोलाय नावाच्या बॅक्टेरियाच्या पोटात ढकलायचं. बहुतेक पेशी ते आत घेतच नाहीत, म्हणून प्लाझ्मिडवरच एखाद्या अँटिबायोटिकला पुरून उरणारा जीन ठेवलेला असतो. प्लेटमध्ये तेच औषध घातलं की ज्यांनी प्लाझ्मिड घेतलं त्या जगतात, बाकीच्या मरतात. १९७३ साली कॅलिफोर्नियात कोहेन आणि बॉयर यांनी हे टेट्रासायक्लिन आणि कॅनामायसिन या अँटिबायोटिक्सचे रेझिस्टन्स वापरून करून दाखवलं, आणि त्या जोडीचं जमलं कुठे तर आदल्या वर्षी होनोलुलूच्या एका मीटिंगच्या वेळी, रात्री सँडविच खाता खाता. आमच्या कॉन्फरन्समध्ये जेवणाच्या रांगेत फक्त गुलाबजाम संपल्याची बातमी कळते.

कागदावर सोप्पंय हो सगळं. पण त्या कॉम्पिटंट सेल्सचे, म्हणजे डीएनए आत घ्यायला तयार केलेल्या पेशींचे, नखरे बघा, उणे ऐंशीत ठेवायच्या, बर्फातच वितळवायच्या, जोरात हलवायच्या नाहीत, ट्यूब बोटांत जास्त वेळ धरायची नाही, आणि एवढं लाडाने सांभाळून झालं की उचलून ४२ अंशांच्या पाण्यात बुडवायच्या आणि पाऊण मिनिटात परत बर्फात. मग त्यांना तासभर ३७ अंशांवर गोड पाणी पाजत बसायचं, कारण कॅनामायसिन असेल तर रेझिस्टन्सचं एन्झाइम तयार व्हायच्या आधीच प्लेटवर टाकल्या तर बिचाऱ्या जीन पोटात घेऊनसुद्धा मरतात. प्लेट ओतायचं तंत्र आणखी वेगळं. अगार, म्हणजे प्लेटमध्ये जेलीसारखं गोठणारं खाद्य, फार गरम असताना अँपिसिलिन हे अँटिबायोटिक घातलं तर अँपिसिलिनचाच निकाल लागतो, आणि निवायची वाट बघत एक फोन घेतला की फ्लास्कमध्येच खरवस! लॅबचे मामा तो फ्लास्क घेऊन जाताना माझ्याकडे असं बघतात की बोलायची गरजच पडत नाही.

बरं, उगवलं म्हणजे जिंकलो असंही नाही. अँपिसिलिनच्या प्लेटवर रेझिस्टंट कॉलनी, म्हणजे एका पेशीपासून वाढलेला ठिपका, बीटा-लॅक्टमेज नावाचं एन्झाइम बाहेर सोडते, आजूबाजूचं औषध फोडून टाकते, आणि तेवढ्या मोकळ्या जागेत प्लाझ्मिड नसलेल्या बारीक बारीक कॉलन्या वर येतात. एकाचं रिझर्व्हेशन आणि त्याच्या बाकावर अख्खं खानदान, तसं. प्लेट जास्त वेळ आत राहिली की ही मंडळी हमखास दिसतात, आणि घाईत टोचायला काडी नेमकी त्यांच्यातच जाते. त्याऐवजी कार्बेनिसिलिन हे अँपिसिलिनचं भावंड वापरलं की हा त्रास कमी होतो पण त्याची किंमत ऐकून सर म्हणतात, "अँपमध्ये काय वाईट आहे?"

आणि मग तो टेट्रासायक्लिनचा किस्सा. आमच्या एका जुन्या प्लाझ्मिडवर टेटचा रेझिस्टन्स होता. शेजारच्या लॅबने मोठ्या मनाने सेल्स दिल्या, ट्यूबवर निळ्या पेनाने नुसतं "कॉम्प". दुसऱ्या दिवशी प्लेट उघडली तर कॉलन्या मोजायचा प्रश्नच नाही, काठापासून काठापर्यंत साय धरल्यासारखा पांढरट थर. मामा म्हणाले, "मॅडम, आज उगवलंय की!" सरांनी येऊन पाठ थोपटली. मी कंट्रोलची प्लेट उचलली, ज्यात प्लाझ्मिड घातलंच नव्हतं आणि जिच्यावर काहीसुद्धा यायला नको, तिच्यावर तोच थर, उलट थोडा जास्तच तुकतुकीत. चौकशी केल्यावर कळलं की सेल्स एक्सएल१-ब्लू आहेत. त्या स्ट्रेनमध्ये, म्हणजे ई. कोलायच्या त्या वाणात, टेट्रासायक्लिनचा रेझिस्टन्स मुळातच असतो! त्यांना माझ्या प्लाझ्मिडची काडीचीही गरज नव्हती, त्या आरामात टेट पीत बसल्या होत्या. "आम्हाला वाटलं तुला माहीत असेल," असं शेजारून उत्तर आलं. ट्यूबवर "कॉम्प" लिहिलेलं वाचून?

तेव्हापासून सेल्स घेताना मी मुलीचं स्थळ बघितल्यासारखी सगळी कुळी विचारते. डीएच५ अल्फा क्लोनिंगला गुणी, पण नालिडिक्सिक ॲसिड हे औषध पचवते. टॉप१० ला स्ट्रेप्टोमायसिन चालतं. आणि एक्सएल१-ब्लू धरून या तिन्ही घराण्यांचा मूळपुरुष एकच, के-१२, जो १९२२ मध्ये कॅलिफोर्नियात घटसर्पातून बऱ्या होत असलेल्या एका पेशंटच्या शौचातून वेगळा केला होता. हे मी उत्साहाने आत्याला सांगितलं. आत्या पिंपरीला एच.ए.जवळ राहते, सरकारने पेनिसिलिनसाठी काढलेला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना तिच्या दारात, त्यामुळे या विषयात ती स्वतःला घरचीच समजते. ताप उतरला की गोळ्या बंद आणि उरलेली स्ट्रिप फ्रीजच्या दारात, पुढच्या वेळेसाठी. ती म्हणाली, "म्हणजे तू पीएचडी करतेस ती शंभर वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी शीवर?" मी म्हटलं, आत्या, आधी तो कोर्स पूर्ण कर. तर म्हणे, "तुमचे जंतू औषध घालून मरत नाहीत, माझे अर्ध्या कोर्समध्ये मरतात, शिकायचं कुणी कुणाकडून?"

असो. शेवटी डीएच५ अल्फामध्ये बरोबर क्लोन मिळाला, सीक्वेन्सिंगसुद्धा स्वच्छ आलं. सर खूश. "गुड, आता प्रोटीन काढायचंय, बीएल२१ मध्ये टाक, पी-लिस-एस वाली घे." पी-लिस-एस हे त्या सेल्समधलं एक जादा प्लाझ्मिड, आणि ते टिकवायला क्लोरॅम्फेनिकॉल हे अँटिबायोटिक लागतं. क्लोरॅमची बाटली दिवाळीपासून रिकामी, आणि आमच्याकडे तीन कोटेशनं आल्याशिवाय खडूसुद्धा येत नाही. तोवर शेजारच्या लॅबने परत मदतीचा हात पुढे केलाय. ट्यूबवर या वेळी "कॉम्प नवीन" लिहिलंय.