मांचूंची वेणी म्हणजे शेंडी नव्हे

परवा धाकट्या काकांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज टाकला. 'चीनवर 268 वर्षे राज्य करणारे मांचू मूळचे हिंदूच! नाव मंजुश्रीवरून, डोक्यावर शेंडी, लिपी संस्कृतची लेक. बायकांचे पाय बांधायची दुष्ट चाल त्यांनीच मोडली. आज त्यांचा मागमूसही उरला नाही.' मी एरवी सोडून दिलं असतं. पण रविवारी नववीतल्या पुतणीच्या प्रोजेक्टच्या वहीत हाच मजकूर रंगीत पेनाने उतरवलेला दिसला, शेजारी वेणीवाल्या माणसाचं चित्र चिकटवलेलं. मग मात्र राहवलं नाही.

शेंडीचंच आधी बोलते, कारण सगळ्यात जास्त चीड तिचीच आली. मांचू पुरुष कपाळापासून पुढचं डोकं तासत आणि मागचे केस वाढवून वेणी घालत. सुरुवातीच्या काळात ती वेणी अगदी बारीक असे, नाण्याच्या भोकातून जाईल इतकी. शेंडीसारखी दिसते खरी, पण तिचा धर्माशी संबंध नाही, ती जुर्चेन टोळ्यांची, म्हणजे मांचूंच्याच पूर्वजांची, जुनी चाल होती. 1644 मध्ये मांचूंनी बीजिंग घेतलं. सम्राट लहान मूल होता, कारभार त्याचा काका डोर्गोन पाहत होता. पुढच्या वर्षी त्याने हुकूम काढला: दहा दिवसांत सगळ्या हान, म्हणजे बहुसंख्य चिनी, पुरुषांनी असंच डोकं तासायचं. लोकांच्या तोंडी त्याचं सार राहिलं ते असं, डोकं ठेवायचं तर केस नाहीत, केस ठेवायचे तर डोकं नाही. आईबापांनी दिलेल्या केसांना धक्का लावायचा नाही ही हान लोकांची शिकवण. जियांगयिन गावाने नकार दिला आणि सुमारे ऐंशी दिवस वेढा सोसला. गाव पडल्यावर कत्तल झाली. जियादिंगमध्ये तर एकदा नाही, तीनदा झाली. पुढे एकोणिसाव्या शतकात मांचूंविरुद्ध उठलेल्या तैपिंग बंडवाल्यांनी पुढचे केस वाढवले तेच बंडाची खूण म्हणून. ज्या वेणीपायी माणसं मारली गेली, तिचं चित्र आपल्या अभिमानासाठी वहीत चिकटवायचं?

आता 'हिंदू'. इथे अंदाजाची गरजच नाही. 1747 मध्ये चिएनलुंग सम्राटाने मांचूंच्या कुलाचाराचे विधी मुद्दाम ग्रंथात लिहवून घेतले, कारण लोक मंत्र विसरत चालले होते. त्यात काय आहे? शामान बाई-बुवा अंगात आणतात. बीजिंगच्या राजवाड्यातल्या खुन्निंग महालात डुकराचा बळी द्यायचा. आधी त्याच्या कानात दारू ओतायची, त्याने कान हलवला की देवाने नैवेद्य पत्करला. मग मोठ्या कढयांत मांस शिजवून सगळ्यांनी खायचं. अंगणात सोमो नावाचा खांब, त्यावर कावळे आणि मॅगपाय पक्ष्यांसाठी घास. त्यांच्या कुळकथेत मॅगपायनेच टाकलेलं लाल फळ खाऊन एका कुमारिकेला मूलपुरुष होतो. इतका देखणा, स्वतःचा धर्म असलेल्या लोकांना आपल्या खात्यात का ओढायचं?

हो, सकाळच्या पूजेत बुद्ध आणि बोधिसत्त्वही असत. पण बळीची वेळ झाली की त्यांच्या मूर्ती बाजूला नेत.

मंजुश्रीचा मुद्दा अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य करते. तिबेटी लामा चिंग, म्हणजे मांचू घराण्याच्या, सम्राटांना मंजुश्रीचा अवतार म्हणत आणि चिएनलुंगने स्वतःची तशी चित्रंही काढून घेतली. पण 'मांचू' हे नाव त्यांचा राजा होंग ताइजीने 1635 मध्ये फर्मान काढून लोकांना लावलं, 'जुर्चेन' म्हणायचं नाही म्हणून. त्याची व्युत्पत्ती आजही ठरलेली नाही. आणि मंजुश्री हा बौद्धांचा बोधिसत्त्व, हे तरी पाठवणाऱ्याला ठाऊक हवं होतं.

लिपी 1599 मध्ये होंग ताइजीचा बाप नुरहाची याच्या सांगण्यावरून मंगोल लिपीवरून घेतली, 1632 मध्ये दाहाई या विद्वानाने तिला टिंबं आणि गोल जोडले. मंगोलांना ती उइगुरांकडून, त्यांना मध्य आशियातल्या सोग्दियनांकडून, मूळ अरामी. संस्कृत या वाटेवर कुठेच नाही. ती वरून खाली लिहितात, बघितली तरी कळतं.

पाय बांधणं? मांचू बायका बांधत नसत, उलट उंच लाकडी टाचेचे जोडे घालत. हान बायकांसाठी 1664 मध्ये बंदी काढली आणि 1668 मध्ये मागे घेतली. मोडली वगैरे काही नाही.

आणि मागमूस? 2010 च्या चिनी जनगणनेत एक कोटीहून जास्त लोकांनी स्वतःला मांचू म्हणून नोंदवलं आहे. मांचूंचं राज्य संपवणाऱ्या 1911 च्या क्रांतीत शिआन शहरात मांचूंची कत्तल झाली, नंतर अनेकांनी आडनावं बदलली. राजघराण्याच्या आइसिन ग्योरो या नावातलं 'आइसिन' म्हणजे सोनं, म्हणून कित्येक जण 'जिन' झाले, त्याचाही चिनीत अर्थ सोनंच. भाषा मात्र खरोखर जायला टेकली आहे, हेइलोंगजियांगच्या सानजियाझी गावात थोड्या म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली. तिची सख्खी बहीण शिबे मात्र शिनजियांगमधल्या छाप्छाल भागात हजारो लोक बोलतात. 1764 मध्ये सीमेवर पाठवलेल्या सैनिकांचे ते वंशज.

पुतणीने ते पान फाडलं आणि आता खुन्निंग महालाचं लिहिते आहे. काका, तो मेसेज ज्या ज्या ग्रुपवर गेला, तिथे हाही टाका.