सगळी कासवं जेलीफिशवर जगत नाहीत

कोकणात कासव महोत्सवाचे दिवस आले की एक मेसेज फिरायला लागतो. वेळास-आंजर्ल्याहून पिल्लं बघून आलेली मंडळी तो भक्तिभावाने पुढे ढकलतात. मजकूर साधारण असा: 'समुद्री कासवं जेलीफिश खातात. कासवं वाढली की जेलीफिश घटतात आणि मासळी वाढते. हिरवी कासवं तळाचं गवत कापून निरोगी ठेवतात. म्हणून जितकी कासवं जास्त, तितका समुद्र तंदुरुस्त.' हेतूबद्दल तक्रार नाही. मजकुराबद्दल आहे.

'कासवं जेलीफिश खातात.' कोणती कासवं? जगात समुद्री कासवांच्या सात जाती आहेत, त्यातल्या पाच भारताच्या समुद्रात सापडतात. मुख्यतः जेलीफिशवर जगतं ते लेदरबॅक. बुळबुळीत घास निसटू नये म्हणून त्याच्या घशात आतल्या बाजूला वळलेले काटे असतात. वेळासला अंडी घालणारं ऑलिव्ह रिडले खेकडे, कोळंबी, शिंपले, जेलीफिश असं मिळेल ते खातं. हॉक्सबिल प्रवाळांमधले स्पंज नावाचे प्राणी खातं, तेही त्यांच्या अंगातल्या काचेसारख्या बारीक सुयांसकट! लॉगरहेड जबड्याने शंख फोडतं. आणि मोठं झालेलं हिरवं कासव मुख्यतः समुद्री गवत आणि शेवाळ खातं. त्याची चरबी हिरवट असते, नाव त्यावरून पडलं, कवचावरून नाही.

'कासवं वाढली की जेलीफिश घटतात.' लेदरबॅक खातं प्रचंड, हे खरं. कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्याजवळ केलेल्या अभ्यासात एका कासवाचा दिवसाचा खुराक सरासरी 330 किलो निघाला, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीन चतुर्थांश. जेलीफिश म्हणजे बहुतेक पाणीच, त्यामुळे पोट भरायला तेवढं लागतंच. पण बऱ्याच जेलीफिशच्या आयुष्याचा एक टप्पा तळाच्या दगडांना चिकटून जातो आणि तिथून नवी पिढी सुटत राहते. तो टप्पा काही लेदरबॅकच्या तोंडी लागत नाही. शिवाय भारतात ते अंडी घालतं मुख्यतः अंदमान-निकोबारला. आपल्या किनाऱ्यावरच्या जेलीफिशचा बंदोबस्त त्याच्यावर सोपवणं जरा जास्तच झालं.

या मेसेजवर एखादा मच्छीमार उलट लिहितो: 'मासळी तर कासवंच खातात.' त्यालाही उत्तर आहे, आणि ते अमेरिकेतल्या व्हर्जिनियातून येतं. तिथे किनाऱ्याला लागलेल्या मेलेल्या लॉगरहेडांची पोटं 1983 ते 2002 या काळात तपासली गेली. आधी पोटात हॉर्सशू खेकडे जास्त होते, मग निळे खेकडे, आणि शेवटी शेवटी मासे. लॉगरहेड काही चपळ माशांचा पाठलाग करणारं जनावर नाही. ते मासे जाळ्यात अडकलेले किंवा बोटींवरून फेकलेले असावेत, असा अभ्यासकांचा निष्कर्ष होता. खेकडे कमी होत गेले आणि कासवाच्या ताटात मासेमारीचं उष्टं आलं.

आता गवत. इथे मेसेज अर्धा खरा आहे, म्हणून जास्त फसवा. हिरवं कासव एकाच पट्ट्यात पुन्हा पुन्हा चरतं, कारण कोवळ्या पात्यांत प्रथिनं जास्त असतात. थोडं चरणं गवताला सोसतं. पण लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळकड्याच्या आतल्या उथळ पाण्यात, हिरवी कासवं इतकी दाटली की उंच गवताची कुरणं खुरटली आणि गवताच्या जातींचं प्रमाणही बदललं. खुरट्या गवतात माशांना आडोसा मिळत नाही. कासवांमुळे मासे कमी झाले, जाळी फाटतात, असं तिथले मच्छीमार सांगत होतेच. पुढे अभ्यासकांनी मोजलं, तर चरलेल्या कुरणांत मासे खरंच कमी निघाले. मग कासवांनी दुसऱ्या बेटांच्या लगूनकडे मोर्चा वळवला आणि तिथलंही गवत संपत गेलं.

यात कासवाचा दोष काय? पूर्वी लक्षद्वीपात कासवं मारून त्यांच्या चरबीचं तेल होड्यांना लावत. 1972 च्या वन्यजीव कायद्याने कासवाला संरक्षण मिळालं, ते योग्यच झालं. पण समुद्रात कासवाला धाक असतो मोठ्या शार्कचा, आणि शार्क जगभर मारले गेलेत. ऑस्ट्रेलियाच्या शार्क बेमध्ये टायगर शार्क अजून आहेत. तिथे धडधाकट हिरवी कासवं धोक्याच्या जागी, गवत चांगलं असलं तरी, चरायला फारशी जात नाहीत. अगत्तीत तो पहारा उरला नाही. त्यामुळे 'जितकी कासवं जास्त' या ओळीत त्यांना खाणारा कुठे आहे, हे आधी लिहावं लागेल.