येत्या १ जुलैला अध्यक्ष होताय? मग हे वाचाच

येत्या १ जुलैला तुमच्या सेवाभावी क्लबचं अध्यक्षपद तुमच्या गळ्यात पडणार. अक्षरशः पडणार, अध्यक्षाने गळ्यात घालायची ती मानाची कॉलर चांगली वजनदार असते. अभिनंदन! रोटरी असो की लायन्स, वर्ष दोन्हीकडे १ जुलैला उजाडतं आणि ३० जूनला मावळतं. त्यातला पहिला महिना तुमच्या पदग्रहणाचे फोटो वाटण्यात जातो आणि शेवटचा पुढच्याच्या पदग्रहणावरून रुसण्यात. मधल्या काळात सेवा कशी उरकायची, याबद्दल हे चार अनुभवाचे बोल. परवाच आमच्या क्लबचं एक शिबिर पार पडलं (क्लबचं नाव विचारू नका, वर्गणी भरून बसलोय), त्यामुळे ज्ञान अगदी ताजं आहे.

सुरुवात बॅनरपासून करा. प्रकल्प मागाहून ठरला तरी चालतो. बॅनरवर मधोमध प्रांतपाल (म्हणजे क्लबांच्या प्रांताचे प्रमुख, डिस्ट्रिक्ट गव्हर्नर), त्यांच्या उजव्या हाताला भावी प्रांतपाल, डाव्या हाताला मावळते प्रांतपाल आणि खाली रांगेने माजी प्रांतपाल. माजी मंडळी दर वर्षी एकाने वाढतात, कमी होण्याचं नाव नाही, तेव्हा जागा आधीच राखून ठेवा. मग तुम्ही, सचिव, खजिनदार, प्रकल्पप्रमुख, सहप्रकल्पप्रमुख. एवढं करून कोपऱ्यात बोटभर जागा उरलीच, तर शिबिर कशाचं आहे ते लिहा. न उरली तर नका लिहू, येणाऱ्याला आल्यावर कळतंच.

आता सदस्यवाढ. प्रांताला हवी असते निव्वळ वाढ, माणसं नव्हेत. म्हणून भाचा, मेहुणा, हिशेब लिहायला येणारा मुलगा अशा होतकरू समाजसेवकांना गाठा, त्यांची वर्गणी स्वतः भरा, कोटाला पिन लावा, टाळ्या, फोटो. रोटरीत १ जुलै आणि १ जानेवारीला यादीत जितकी डोकी तितक्यांची वर्गणी वर भरावी लागते, त्यामुळे कोणाला कधी आत घ्यायचं आणि कधी गुपचूप गाळायचं याचं पंचांग सचिवाकडे असतंच. तिसऱ्या सभेला नवा सदस्य दिसला नाही तर काळजी करू नका. दिसला, आणि वर ‘मी काम काय करू?’ असं विचारू लागला, तर मात्र काळजी करा. असा माणूस घातक. त्याला कधीच न भरणाऱ्या एखाद्या समितीचा निमंत्रक करून टाका, वर्षभरात आपोआप गळतो.

महिला सदस्यांना योग्य तो मान द्या. रोटरीने १९८९ साली जगभरातल्या क्लबांची दारं बायकांना उघडली, तेव्हापासून पुष्पगुच्छ आणून द्यायला हक्काची माणसं मिळाली.

वृक्षारोपण कराच, खड्डे गेल्या वर्षीचे आहेत.

रक्तदान शिबिरात अध्यक्षांनी खाटेवर आडवं होऊन अंगठा वर करावा. सुई टोचलीच पाहिजे असं काही नाही.

प्रकल्प निवडताना तो फोटोत कसा दिसेल एवढंच बघा. शिकागोच्या त्या पहिल्या रोटरी क्लबची (स्थापना १९०५) इथेच गफलत झाली. १९०७ साली समाजासाठी त्यांनी पहिलं मोठं काम हाती घेतलं, ते कसलं? सार्वजनिक स्वच्छतागृहांचं! काय मिळालं त्यातून? फीत कापायची तरी कुठे उभं राहून? आपण चाकाची खुर्ची द्यावी. एका खुर्चीला नऊ जणांचे हात लागतात आणि दहावा तिच्यात बसलेला असतो.

अहवाल ही तर कलाच आहे. चार क्लबांनी मिळून एक कार्यक्रम केला की चारही क्लबांच्या अहवालात तो पूर्णच्या पूर्ण मांडावा. लाभार्थी तेच, खर्च तोच, पण प्रांतात पोहोचेपर्यंत सगळंच चौपट झालेलं असतं. रोटरीत असाल तर सभेच्या सुरुवातीला सगळ्यांनी उभं राहून ती फोर-वे टेस्ट म्हणा. १९३२ साली हर्बर्ट टेलरने लिहिलेली ती कसोटी. पहिलाच प्रश्न, हे सत्य आहे का? खणखणीत आवाजात म्हणा, खाली बसा आणि अहवालावर सही करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, प्रोटोकॉल. शिबिर कसलंही असो, मान्यवर आल्याशिवाय सुरू करू नये, आणि चुकून सुरू झालं असेल तर ते आल्यावर थांबवावं. परवा आमच्याकडे नेत्रतपासणी होती. डॉक्टर बिचारे वेळेवर आले, त्यांनी कामाला सुरुवातही केली. बाहुली मोठी करायचे थेंब घालून म्हाताऱ्या माणसांना रांगेने बसवलं. हे थेंब घातले की पुरता असर व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि मग काही तास उजेड सोसत नाही, जवळचं धड दिसत नाही. डोळे मिटून सावलीत बसावं आणि आपला नंबर आला की आतून तपासून घ्यावेत, एवढाच काय तो खेळ. तेवढ्यात गाड्या आल्या. झालं! तपासणी बंद. डॉक्टर मंचावर, कारण त्यांच्याही नावाची खुर्ची होती. रुग्ण मंचासमोर, कारण रिकाम्या खुर्च्या फोटोत वाईट दिसतात. मंचावरचे दिवे थेट त्यांच्या तोंडावर. मग घंटा, मग स्वागत, मग परिचय. प्रत्येकाचा परिचय. एका माजी प्रांतपालांनी आजवर भूषवलेली पदं वाचून होईपर्यंत पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी पदर पार डोळ्यांवर ओढून घेतला होता. पाहुण्यांना वाटलं, भारावल्यात. तसं ते भाषणात म्हणालेही.

आणि मग ग्रुप फोटो. फ्लॅश मारून! बाहुल्या ताणून मोठ्या केलेल्या माणसांच्या डोळ्यांत फ्लॅश! एका आजोबांनी तळहात डोळ्यांपुढे धरला, तर आमचा प्रकल्पप्रमुख ओरडतो, ‘आजोबा, हात खाली घ्या, चेहरा दिसत नाहीये.’ आजोबांनी घेतला हात खाली. पुन्हा फ्लॅश. मग कोणाचे तरी डोळे मिटले म्हणून पुन्हा. डोळे मिटले म्हणून! अरे, मिटणार नाहीत तर काय होईल? मी मागून बोललो तर सार्जंट (सभेची शिस्त सांभाळणारा पदाधिकारी) येऊन कानात सांगतो, ‘व्यत्यय आणू नका, प्रांतपालांची पुढची व्हिजिट आहे.’

हां, तर सल्ला काय, की फोटोग्राफर चांगला ठेवावा.

नाही, नाही जमत आता हे उपरोधानं लिहायला.

लाज वाटली पाहिजे आपल्याला. आपल्याला म्हणतोय, मीही त्याच कळपातला. १९२५ साली हेलन केलर लायन्सच्या अधिवेशनात उभी राहिली आणि म्हणाली, अंधांसाठी लढणारे शूरवीर व्हा. त्या बाईला दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, तरी समोरच्या माणसाला काय हवंय हे कळत होतं. आपले चारही डोळे शाबूत आणि आपल्याला दिसतो तो कॅमेरा. १९८५ पासून रोटरी पोलिओच्या मागे लागली. सरकार होतं, जागतिक आरोग्य संघटना होती, आणि पेटी खांद्याला लावून दारोदार फिरणाऱ्या बायका होत्या. आपल्या देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा. २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. तेही थेंबच होते ना? ते बाळाच्या तोंडात घालणाऱ्या बाईचा परिचय कोणत्या मंचावरून किती मिनिटं वाचला गेला, सांगा बरं.

पद घ्या, कॉलर घाला, प्रांतीय परिषदेत बेस्ट प्रेसिडेंटची ढाल घेऊन नाचा, माझी काही हरकत नाही. पण भाषणं डोळ्यांत थेंब घालायच्या आधी उरका. नाहीतर मंचावर चढूच नका. डॉक्टरांना खुर्चीवरून उठवू नका. आणि म्हाताऱ्या माणसाला ‘हात खाली घ्या’ म्हणून दरडावणारा कोणी सापडला, तर त्याचा हात धरून त्याला बाहेर काढा, मग तो प्रकल्पप्रमुख असो की माजी कोणीही.

आणि सचिवसाहेब, शिबिराचे फोटो त्याच संध्याकाळी ग्रुपवर आले, व्हिडिओला गाणंसुद्धा जोडून झालं. चष्म्याचे नंबर लिहिलेले कागद तुमच्या बॅगेत आहेत की हॉलवरच राहिले, ते आज कोणालाच सांगता येत नाहीये. माणसं चष्म्याची वाट बघतायत. परवाच्या सभेत प्रांताच्या अहवालाचा विषय काढू नका. आधी ते कागद शोधा.